चेलोच्या आधीचा श्वास

गुरुवार होता. लाइट गेलेली होती, म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. माणमधल्या आमच्या घरासमोर मी गाडीच्या डिकीत ड्रमचं सामान कोंबत होतो. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू गॅलरीतून "अंकल, पानी कब आएगा?" म्हणून विचारत होता आणि मी त्याला "लाइट आएगी तब आएगा" हे नेहमीचं उत्तर देत होतो. तेवढ्यात फारुखचा फोन आला. "निघू नकोस," तो म्हणाला. मी म्हटलं, "का? बाईसाहेबांना परत पित्त झालं वाटतं?" आणि हसलो. तो म्हणाला, "दत्ता, आपली रोहिणी न्हाई राह्यली." मी विचारलं, "म्हंजे?" शहाण्या माणसानं विचारावा असा तो प्रश्न नव्हता. "चहा पिऊन उठली आन् वट्ट्यापाशी पडली. दवाखान्यात न्हेईस्तोवर…" गॅलरीतला पोरगा अजून पाण्याचंच विचारत होता. मी गाडी सुरू केली आणि डिकी उघडी ठेवून तसाच तिच्या गावी, नांद्यापर्यंत गेलो. वाटेत मागची गाडीवाली माणसं हात करून काहीतरी सांगत होती, ते डिकीबद्दल होतं हे मला नांद्यात पोचल्यावर समजलं.

त्या दिवशी आम्ही तिघं आमच्या बँडचा अल्बम पहिल्यांदा सलग ऐकणार होतो. आठ गाणी, सगळी पुरी झालेली, ड्रम मी नुसते सवयीनं घेतले होते. रोहिणीनं आदल्या दिवशी मेसेज टाकला होता, "उद्या कोणी मधे बोललं तर चेलोचा गज डोक्यात घालीन." हा मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे. एक्केचाळीस वर्षांची बाई, दारू नाही, तंबाखू नाही, रोज सकाळी टेकडीपर्यंत चालून येणारी. हृदय बंद पडलं म्हणे. कोणाचं? मी डॉक्टरांना तेच विचारलं होतं. आता कित्येक महिने उलटून गेलेत, लोक मला "सावरलास का?" असं विचारतात आणि मला त्यांचा राग येतो. अजून ते खरं वाटायला लागलेलं नाही, तर सावरायचं काय?

रोहिणी माझ्या वर्गात होती. मी माणचा, ती नांद्याची, शाळा एक. मी मागच्या बाकावर बसून डेस्क बडवायचो आणि ती पुढून वळून सांगायची की ताल चुकतोय. बावधनला एका बाईंकडे ती व्हायोलिन शिकायला जायची, एसटीनं, पेटी मांडीवर घेऊन. गावातल्या पोरींनी व्हायोलिन शिकायचं म्हणजे काहीतरीच, पण तिच्या वडिलांनी, आबांनी, कोणाचं ऐकलं नाही. पुढं ती इंजिनिअर झाली, हिंजवडीत नोकरीला लागली आणि कंपनीनं तिला जर्मनीला पाठवलं. तिथं घरमालकीण असलेल्या एका आजीबाईंनी तिला चेलो शिकवला. ज्यांनी चेलो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, व्हायोलिनचा थोरला भाऊ समजा, खुर्चीत बसून दोन गुडघ्यांच्या मध्ये उभा धरायचा आणि गजानं वाजवायचा. ती परत आली तेव्हा बरोबर माणसाएवढी काळी पेटी. आख्खी आळी बघायला जमली. तिची आई, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो, पेटीकडं बघून म्हणाल्या, "आगं, ह्यात काय मानूस आणलायस व्हय?" रोहिणीनं पडवीत खुर्ची टाकली आणि वाजवायला सुरुवात केली. शेजारचे एक तात्या जरा वेळ ऐकून म्हणाले, "म्हस रडतीया जणू." सगळे हसले. रोहिणीही हसली, आणि म्हणाली, "बराबर हाय तात्या. रडायसाठीच केलंय हे." मग ती वाजवत राहिली आणि हळूहळू हसणारे गप्प झाले. आबा खांबाला टेकून उभे होते. ती थांबल्यावर त्यांनी चेलो पेटीत परत ठेवायला हात लावला.

बँड कसा झाला ते सांगताना लोकांना वाटतं की आम्ही काही ठरवून केलं. तसं काही नव्हतं. मी ढोलपथकात वाढलेला माणूस, नंतर हौसेनं ड्रम घेतले. फारुखचं पौडात हार्डवेअरचं दुकान, गिटार वाजवतो, गातो, गाणी लिहितो, आणि रेकॉर्डिंगचं सगळं तंत्र बघून बघून शिकलेला. रोहिणीनं आम्हाला दोघांना एका लग्नात हेरलं. पहिल्याच तालमीत तिनं मला थांबवून विचारलं, "दत्त्या, वरात कुठवर आलीय?" मी तोंड पाडून बसलो. ती म्हणाली, "हळू वाजव. मला ऐकू आलं पायजे की तू ऐकतोयस." बँडचं नाव आम्ही 'थ्री फेज' ठेवलं, कारण आम्ही तिघं होतो आणि आमच्याकडं माणसाच्या तोंडी दिवसभर तोच शब्द असतो, मग ती थ्री फेज लाइट मोटारीला लागो नाहीतर आयटी पार्काला. एक गोष्ट मात्र आमच्याकडं इतर बँडसारखी नव्हती. आम्ही 'वन, टू, थ्री' मोजून गाणं सुरू करायचो नाही. गज तारेवर टेकवण्याआधी रोहिणी श्वास घ्यायची, नाकातून थोडा, मग पुसटसं थांबून उरलेला सगळा. तो श्वास संपला की चेलो आणि माझा उजव्या पायाचा ठोका एकदम पडायचे. तिला ते कधी शिकवावं लागलं नाही आणि मलाही शिकावं लागलं नाही, आपोआप तसं होत गेलं.

आबा गेल्यानंतर तिच्या डोक्यात अल्बम घुसला. घरासमोरचं शेत त्यांनी विकलं होतं आणि तिथं टॉवर उभा राहिला. शेवटची दोन वर्षं आबा रोज अंगणात खुर्ची टाकून त्या इमारतीकडं बघत बसायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. फारुखनं त्यावर गाणी लिहिली. घर सोडणाऱ्यांची, घरातच परके झालेल्यांची, जमिनीवर जिना चढवल्यावर जमीन कुठं जाते असं विचारणारी. आठवं गाणं बिनशब्दांचं, नुसता चेलो आणि माझे ड्रमवरचे तारांचे ब्रश, त्याचं नाव तिनं 'आबा' ठेवलं. मी तिला चिडवायचो की आठच्या आठ रडकी झाली, एखादं तरी नाचायचं टाक. पण खरं सांगायचं तर पाचव्या गाण्यात फारुखचा आवाज फाटतो आणि खालून चेलो त्याला उचलून धरतो, तिथं मला दर वेळी रडू यायचं, आणि ते दिसू नये म्हणून मी ड्रम जोरात वाजवायचो. तिला ते माहीत होतं. तेवढ्या ठिकाणी जोरात वाजवलं तर ती कधीच थांबवायची नाही.

रेकॉर्डिंग तिच्या घरातल्या भाताच्या खोलीत केलं. छतापर्यंत पोत्यांची थप्पी, त्यामुळं आवाज घुमत नाही, असला स्टुडिओ शहरात शोधून मिळणार नाही. पंचाईत एकच. बाहेर फरशी कापायचं मशीन, लिफ्ट, बोअरच्या मोटारी, पिठाची गिरणी, दिवसभर कल्ला. मग रोहिणीनंच शोधून काढलं की गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा आख्खं नांदे गप्प होतं. तेवढाच आमचा वेळ. लॅपटॉप बॅटरीवर, माइक बॅटरीवर, पंखा नाही, दारं बंद, घामाच्या धारा. सगळं जग गुरुवारी लाइट गेली म्हणून शिव्या देतं आणि आम्ही तिघं ती लवकर येऊ नये म्हणून देवाला विनवायचो. आणखी एक घोळ असा झाला की दोन गाणी झाल्यावर आक्का भात विकायला निघाल्या. पोती कमी झाली तर खोलीचा आवाज बदलणार. रोहिणीनं त्यांना दारातच अडवलं. "आसं कसं गं? गाणं हुईस्तोवर भात इकायचा न्हाई व्हय?" आक्का विचारत होत्या. "न्हाई इकायचा." "आन् किडं लागलं तर?" "लागू दे, किड्याला आवाज नसतो." आक्कांनी कपाळावर हात मारला, व्यापाऱ्याला परत पाठवलं आणि पोत्यांत कडुलिंबाचा पाला घालून ठेवला. त्या वासातच आमचा आख्खा अल्बम झालाय.

भांडण झालं ते श्वासावरून. फारुखनं पहिलं गाणं ऐकवलं आणि रोहिणीचं तोंड वाकडं. प्रत्येक ओळीआधी तिचा श्वास माइकनं पकडला होता. "हे माजं फुसफुसणं काढ." फारुख म्हणाला, "आगं ह्याच्यातच जीव हाय." "जीव चेलोत हाय. माजं फुसफुसणं कुणाला ऐकायचंय? काढ." पुष्कळ दिवस हे चाललं. फारुख रागावून एक गुरुवार आलाच नाही. शेवटी तो हरला, कारण रोहिणीपुढं सगळेच हरायचे. कॉम्प्युटरवर बसून त्यानं एकेक श्वास निवडून पुसला, आठही गाण्यांतला. फार किचकट काम आहे ते. मूळचं रेकॉर्डिंग मात्र त्यानं ठेवलं होतं, दुकानदार माणूस, काही टाकून देत नाही.

आणि पित्त… आमच्याकडं माणसाला काहीही झालं तरी त्याचं नाव पित्त. डोकं दुखलं, पित्त. पाठ धरली, पित्त. उन्हाळा लागल्यापासून रोहिणी मधेच थांबायची, गज खाली ठेवायची, जबड्याला हात लावून बसायची. एकदा म्हणाली दाढ दुखतेय, एकदा म्हणाली घशाशी येतंय. आक्का स्वतः घातलेला मोरावळा वाटीत आणून द्यायच्या, ती खायची, जरा बसायची आणि पुन्हा वाजवायची. बरंही वाटायचं तिला. आम्हीही चमचाभर मागून घ्यायचो, फार सुरेख व्हायचा तो. तिघं शिकलेली माणसं, खिशात फोन, फोनमध्ये जगातली सगळी माहिती. एकालाही वेगळा शब्द सुचला नाही, तिला स्वतःलासुद्धा नाही. डॉक्टर नंतर म्हणाले की बायकांच्या बाबतीत हे असंच होतं, छातीत कळ येतेच असं नाही. नंतर म्हणाले. नंतर सगळेच सांगतात. हे वाचणाऱ्या बाईला मी एवढंच सांगेन की जबडा धरून बसायची वेळ आली तर आधी डॉक्टर आणि मग मोरावळा.

तेरावा झाला आणि दोन-चार दिवसांनी आक्कांचा निरोप आला, गाणी घेऊन या. आम्ही दोघं गेलो. भाताच्या खोलीत त्या जमिनीवर पोत्याला टेकून बसल्या. तिची खुर्ची होती तिथंच होती, तिच्यात कोणी बसलं नाही. फारुखनं अल्बम लावला. आठही गाणी आक्कांनी हलल्याशिवाय ऐकली. मला वाटलं त्या रडतील, तर त्यांच्या कपाळाला आठी. "चांगलं झालंय," त्या म्हणाल्या, "पन ही कुटं हाय ह्यात?" मी म्हटलं, "आक्का, हा चेलो तिचाच." "ते ठावं हाय मला. ती वाजवायच्या आदी श्वास घ्यायची. मी पलीकडं भाकरी थापताना भिंतीतनं ऐकायची. त्यो कुटं गेला?" फारुख माझ्याकडं बघायला लागला. त्यानं सांगितलं की तिनंच काढायला लावला होता. आक्का म्हणाल्या, "तुज्यापाशी हाय का? आसंल तर लाव."

गाणी अल्बममध्ये ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं आम्ही वाजवली होती. पहिलं दिवाळीनंतरच्या गारठ्यात, शेवटचं उन्हाळ्यात. पहिल्या गाण्याआधी तो श्वास आला, थोडा, थांबून उरलेला सगळा, आणि आक्कांनी पदर तोंडाला लावला. माझेही डोळे भरले. इतपत अपेक्षित होतं. दुसरं, तिसरंही तसंच. चौथ्या गाण्यात मला वाटलं माइक जवळ असेल. पाचव्यात तिचा श्वास ओळीच्या मधे येत होता, जिथं यायचं कारण नव्हतं. सहाव्यात ती एकेका ओळीआधी दोनदा श्वास घेत होती. सातव्याला फारुख उठून उभा राहिला. मी त्याच्याकडं बघितलं नाही, कारण मला जे ऐकू येत होतं ते त्यालाही येतंय हे मला बघायचं नव्हतं. 'आबा' लागलं. चेलो तसाच, एक सूर इकडचा तिकडं नाही. आणि त्याच्या पाठीमागं एक बाई जिना चढत असल्यासारखी धापा टाकतेय… महिनोन् महिने आम्ही हे साफ करत होतो. सगळं तिथं होतं, ओळीनं, आणि तिला ते गाण्यातली घाण वाटली म्हणून आम्ही ते पुसलं.

फारुखची सवय अशी की शेवटची तार पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग बंद करायचं नाही. त्या दिवशी त्यानं ते जरा जास्तच चालू ठेवलं होतं. सूर संपला. मग रोहिणीचा आवाज आला, "थांबा रं जरा… बसू द्या." दार कुरकुरलं. आणि आक्कांचा आवाज, "काय गं, परत पित्त?" "व्हय." "मोरावळा दिऊ का?" "दे." मग वाटीत चमचा वाजला आणि रेकॉर्डिंग संपलं. मला आक्कांकडं बघायचं धाडस होईना. त्याच म्हणाल्या, "बरणी संपली हुती. तळाचं खरवडून दिलं मी." आणि मग, "परत लाव."

त्यांनी तो शेवट पुन्हा ऐकला, आणि आणखी एकदा ऐकला. मग म्हणाल्या, "आसंच काडा गाणं. श्वासासकट." माझा आवाज चढला. मी म्हटलं, तिनं हे पुसायला सांगितलं होतं, तिचा शब्द आहे, गेलेल्या माणसाचा शब्द असा मोडायचा नसतो. लोक ऐकायला बसतील आणि ती कशी गेली याचा अंदाज लावत बसतील. फारुख रडत होता. आक्का म्हणाल्या, "तिला ते वंगाळ वाटलं म्हून तिनं पुसलं. ते काय हाय हे तिला तरी कुटं ठाव हुतं? कळलं आसतं तर पुसलं आसतं व्हय रं? तोंडानं बोलली न्हाई, पन श्वास सांगत हुता की. त्यो बी गप करायचा का आता?" मग मी जे बोलायला नको होतं ते बोललो, "आक्का, शेवटी तुमचा आवाज आहे त्यात. लोक नावं ठेवतील तुम्हाला." त्या माझ्याकडं शांतपणे बघत म्हणाल्या, "माजी पोर गेली दत्ता. आता नाव ठिवून काय करू मी? ऐकू दे बायकास्नी, घरोघरी बरण्या हायेत."

फारुखनं सगळे श्वास परत जागच्या जागी लावले. पुसायला लागले त्याहून जास्त दिवस लागले, तो म्हणतो, कारण पुसताना तो ऐकत नव्हता. मागच्या आठवड्यात अल्बम आला. नाव 'गुरुवार', तिनं ठेवलेलंच. शहरातल्या कोणीतरी लिहिलंय की शेवटचा घरगुती संवाद ही कल्पना अभिनव आहे. मी त्याला फोन करून शिव्या घालणार होतो, फारुखनं अडवलं.

डॉक्टरांनी रोहिणी गेली तेव्हाच सांगितलं होतं की एवढ्या लहान वयात असं झालंय तर रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांनी तपासून घ्या. आक्का ऐकत नव्हत्या. "मला काय धाड भरलीया," म्हणायच्या. ते रेकॉर्डिंग ऐकल्यावर एके दिवशी त्यांनी आपणहून फोन केला, "मला बी न्या." परवा आम्ही दोघं त्यांना बावधनला एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेलो. आत त्या, पडद्याच्या अलीकडं आम्ही, फारुखच्या हातात त्यांची पिशवी, माझ्या हातात त्यांचा चष्मा. पडद्यापलीकडून बाई म्हणाल्या, "आजी, आता लांब श्वास घ्या." आक्कांनी घेतला. नाकातून थोडा, मग पुसटसं थांबून उरलेला सगळा. फारुखनं माझं मनगट धरलं. आणि माझा उजवा पाय आपोआप उचलला जाऊन दवाखान्याच्या फरशीवर पडला, बरोबर जागेवर. चेलो आला नाही. मी तसाच उभा राहिलो, पाय दाबून, जसा काही तिला जरा उशीर झालाय.

"अजून एकदा," आतून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.